बकऱ्यांचं मचाण : पाय पक्के, पट्ट्या बदलता येतील अशा



पावसाळा लागला की आपल्या काळ्या मातीत घरामागच्या सांदवाडीचा चिखल होतो. बकऱ्या त्याच ओल्यात उभ्या राहतात, तिथंच बसतात. मग खुरं नासतात, पिल्लांना हगवण लागते, सर्दी छातीत उतरते. कर्ज काढून घेतलेली गाभण बकरी गेली तरी गटाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून बऱ्याच जणी आता मचाण करतात. जमिनीपासून ३ फूट उंच, फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्यांचं. लेंड्या अन् मूत खाली पडतं, बकऱ्या कोरड्यात बसतात, आणि लेंडीखत एका जागी जमा होतं.

पण हेच मचाण दोन पावसाळ्यांत बसलं, तर बाई म्हणते, "लाकूड त नवंच होतं, मंग काहून सडलं?" बहुतेक वेळा कारण एकच असतं. सगळ्या मचाणाला एकच सामान लावलेलं असतं. मचाणाचे तीन भाग तीन वेगवेगळी कामं करतात. प्रत्येकाला त्याच्या कामाचं सामान द्या.

पाय. जिथं लाकूड मातीत जातं तिथंच ते आधी सडतं आणि उधई तिथूनच चढते. म्हणून लाकडाचा खांब मातीत गाडूच नका. कुंपणाला लावतात ते सिमेंटचे खांब घ्या. लाकडाचेच पाय करायचे असतील तर ते दगडाच्या किंवा काँक्रीटच्या बैठकीवर उभे करा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब हलवते. मुरूम लागेपर्यंत खड्डा नेता आला तर उत्तम. पैसा वाचवायचा असेल तर दुसरीकडे वाचवा, पायात नको.

आडवे वासे. सगळा भार यांच्यावर. पाडलेल्या जुन्या घराचं सागवान मिळालं तर सोडू नका. फक्त खिळे काढून घ्या, आणि ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा छिद्रांतून भुगा पडला तर परत करा. नवीन साग घेताना मधला तपकिरी गाभा पाहा. कडेचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी किडतं. बाभूळही मजबूत, आपल्या वखराला अन् बंडीला तीच लागत आली. पण ओली बाभूळ लावू नका. जुने सुतार ती काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवत, मग सावलीत वाळवत. त्यानं कीड कमी लागते.

वरच्या पट्ट्या. मुतानं या झिजणारच. म्हणून त्या खिळ्यांनी नाही, स्क्रूनं बसवा. एक खराब झाली की तेवढीच बदलता येते. इथं बाभूळ, कडूनिंब चालतात. बांबू स्वस्त पडतो, पण कोवळा नको, ३-४ वर्षांचा पक्का घ्या. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' धरला जात नाही, म्हणून धुऱ्यावर लावलेला बांबू कामी येतो. बांबूचं काम शिकायचं असेल तर आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटात लवादा इथं संपूर्ण बांबू केंद्र आहे. प्लास्टिकच्या जाळीदार लाद्याही मिळतात. महाग पडतात, पण सडत नाहीत आणि धुवायला सोप्या.

फट किती ठेवायची? करंगळी जाईल एवढी. जास्त ठेवली तर पिल्लाचा पाय अडकून मोडतो, कमी ठेवली तर लेंडी वरच राहते.

हे टाळा. साधं प्लायवूड आणि पेटीचं हलकं लाकूड ओलीनं फुगतं, कुजतं. लोखंडी अँगल लावले तर रेड ऑक्साइड मारा, मुतानं गंज लवकर चढतो. गाडीचं जळकं ऑइल पट्ट्यांना लावू नका, बकऱ्या लाकूड चाटतात, कुरतडतात. आणि धुऱ्यावरचा साग, मोह, आंबा किंवा चिंच स्वतःची असली तरी परवानगीशिवाय तोडू नका. १९६४ चा वृक्षतोड कायदा त्यांना लागू आहे.

आता हिशेब. एका मोठ्या बकरीला साधारण १० ते १२ चौरस फूट जागा लागते. ५ बकऱ्यांना १० बाय ६ फुटांचं मचाण पुरतं. दर २ फुटांवर एक असे १० फुटी ४ वासे, प्रत्येकाखाली ३, म्हणजे १२ खांब. पट्टी २ इंच रुंद आणि फट अर्धा इंच धरली तर ६ फुटी ४८ पट्ट्या लागतात. १ इंच जाडीच्या या पट्ट्यांचं लाकूड होतं ४ घनफूट. कापताना भुसा जातो, म्हणून थोडं जास्त धरा. हा आकडा कागदावर लिहून आरामशीनवर जा. "मचाणापुरतं द्या" म्हटलं की विकणारा त्याच्या मनानं मोजतो. "४ घनफूट" म्हटलं की तुम्ही मोजता.

गटातल्या तिघी-चौघी मचाण करणार असाल तर लाकूड, खांब, स्क्रू एकत्रच घ्या. भाव करायला जोर येतो आणि बंडीभाडंही एकदाच लागतं. कर्जाची मागणी लिहिताना बकऱ्यांच्या किमतीसोबत मचाणाचा खर्चही मांडा. बकरी आधी आणि मचाण नंतर, असं केलं की मध्ये पावसाळा येतो.

मचाण उभं राहिलं की पशुसखीला बोलवा. फटीत करंगळी घालून तिलाच पाहू द्या.