ऐकीव गोष्ट आणि अस्सल पावती

इस्लामच्या आरंभकाळाविषयीं आवेशानें बोलणारे आमच्यांत पुष्कळ, परंतु "हें आपणांस कशावरून कळलें?" असा प्रश्न केला असतां उत्तर देणारे विरळा. एक पक्ष श्रद्धेनें बोलतो, दुसरा द्वेषानें; पुरावा दोघांसही नको असतो. कोर्टांत पांच रुपयांच्या दाव्यास जो पुरावा लागतो, तो एका संपूर्ण समाजाविषयीं मत बनवितांना मात्र नको, हा कोठला न्याय?

अडचण खरी आहे. महंमद पैगंबर इ. स. ६३२ त निवर्तले. त्यांचें विस्तृत चरित्र लिहिणारा इब्न इसहाक ७६७ च्या सुमारास वारला. आणि त्याचा ग्रंथ आज मिळतो तो मुख्यत्वें त्यानंतरच्या इब्न हिशामनें संस्कार केलेल्या रूपांत. म्हणजे घटना आणि ग्रंथ यांत शतकाहून अधिक अंतर. मधल्या पिढ्यांची साक्ष बहुतांशीं ऐकीव. आणि ऐकीव साक्ष कायदा सहसा ग्राह्य मानीत नाहीं.

परंतु हा आक्षेप परकीयांनींच प्रथम काढला, असें कोणीं समजूं नये. मुसलमान पंडितांस तो फार पूर्वींच सुचला होता. 'अमक्यानें अमक्यापासून ऐकलें' ही साक्षीदारांची मालिका, जीस ते इस्नाद म्हणतात, प्रत्येक कथनास जोडावी आणि एकेका साक्षीदाराची परीक्षा करावी, असा त्यांनीं दंडक घातला. ९२३ त वारलेला इतिहासकार तबरी तर एकाच प्रसंगाच्या परस्परविरुद्ध हकीकती शेजारीं शेजारीं देतो. पुढें १८९० त गोल्डझिहर या हंगेरियन पंडितानें असें प्रतिपादिलें कीं, पुष्कळ हदीसकथनांत मागाहूनच्या पक्षांचे तंटे उमटले आहेत. तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.

मग सत्य शोधावें कसें? व्यापारी शोधतो तसें. वहीचा मेळ पावतीशीं घालून. हिजरी २२, म्हणजे इ. स. ६४३ ची एक पावती व्हिएन्ना येथें जतन केलेली आहे. इजिप्तमध्यें अरब सरदारानें ६५ मेंढ्या घेतल्याची ती पपायरसावर ग्रीक व अरबी अशा दोन भाषांत लिहिलेली आहे. तिला कोणाची थोरवी गावयाची नव्हती. म्हणूनच तिची साक्ष मोलाची. अरबस्थानांत एका खडकावर झुहैर नांवाच्या मनुष्यानें, उमर वारला त्या वेळीं, २४ सालीं, आपण हें लिहिलें, असें कोरून ठेविलें आहे. ग्रंथांतील उमरचा मृत्युकाल याच सुमाराचा आहे. जेरुसलेमच्या प्रसिद्ध घुमटांतील लेखांत बांधणारा म्हणून नांव खलीफा मामूनचें, पण साल हिजरी ७२. आणि मामून तर त्यानंतर शतकाहून अधिक काळानें गादीवर आला! अब्दुल मलिकचें नांव काढून तेथें दुसरें घातलें गेलें, साल मात्र तसेंच राहिलें. खाडाखोडीचे दस्तऐवज पाहिलेल्या वकिलास याहून अधिक सांगावयास नको.

अशा साधनांनीं ग्रंथांतील मुख्य चौकट पुष्कळ अंशीं खरी ठरते. संवाद आणि बारीक तपशील यांविषयीं मात्र सावधच राहिलें पाहिजे. बखरी अस्सल पत्रांशीं ताडून पाहाव्या, हें राजवाड्यांनीं आम्हांस शिकविलें. आपल्या इतिहासास लाविलेली कसोटी दुसऱ्याच्या इतिहासासही लावावी; ती न अधिक कठोर असावी, न अधिक सैल. ज्या गोष्टीवर आपण दहा रुपये उधार देणार नाहीं, तिच्यावर शेजाऱ्याशीं वैर तरी कां धरावें?