विद्युत् मोटारगाडीचा पुरस्कार
बाहेरून विद्युत् भारित करता येणाऱ्या घटमालेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांचा प्रदूषण कमी करण्यासाठी केला जाणारा पुरस्कार. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने लॉस अँजेल्ससारख्या शहरांची दूषित हवा ध्यानी घेऊन १९९० मध्ये नियम केला की, १९९८ पासून मोठ्या उत्पादकांच्या विक्रीतील २ टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात. हा नियम १९९६ मध्ये शिथिल झाला. जनरल मोटर्स कंपनीने त्याच वर्षी ‘ईव्ही १’ ही गाडी केवळ भाडेपट्ट्याने दिली आणि पुढे परत घेऊन बहुतेक गाड्या मोडीत काढल्या. वापरणारे त्या विकत घेण्यास तयार होते. २००५ मध्ये बरबँक येथे त्यांनी गाड्यांवर आठवडेच्या आठवडे पहारा ठेवला. तो निष्फळ ठरला, पण चळवळ वाढली.

पुरस्कर्त्यांचा मुख्य दावा मात्र सशर्तच मानावा लागतो. वीज दगडी कोळशापासून केली असल्यास धूर शहराऐवजी औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो. विद्युत् चलित्राची कार्यक्षमता पेट्रोल एंजिनापेक्षा कितीतरी अधिक असते, हे खरे. परंतु घटमालेच्या निर्मितीत कार्बन डाय-ऑक्साइड बराच बाहेर पडत असल्याने नवी गाडी आरंभी तोट्यातच असते. जलविद्युत् विपुल असलेल्या नॉर्वेत हा तोटा लवकर भरून निघतो, कोळशावर विसंबलेल्या महाराष्ट्रात उशिरा.