टीव्हीचा 'डबा' घेताना

२ नोव्हेंबर २०२५ ची ती रविवारची रात्र आठवते ना? नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेतला, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय महिलांनी पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला आणि सारा देश नाचला. आमच्या वसतिगृहातल्या मुलीही नाचल्या. पण तो झेल आम्ही बघितला कशावर? कॉमन रूममध्ये ४३ इंची टीव्ही असताना एका मैत्रिणीच्या मोबाईलवर! ३६ मुली, सहा इंची पडदा, आणि मागच्या रांगेतून सारखे एकच, "काय झालं गं? सांग ना!"

याला जबाबदार कोण? तर अस्मादिक.

झाले असे की आमचा टीव्ही चांगला आहे, पण 'स्मार्ट' नाही. सामन्यासाठी प्रत्येकीने ५० रुपये काढले, १८०० रुपये जमले आणि "तू ईएनटीसीची ना, तूच आण" म्हणून ते माझ्या हातात पडले. मीही ऐटीत बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा ना ताई, सगळं चालते त्याच्यात. फोर-के हाये, एट-के हाये." डब्यावर तसे छापलेलेही होते. मी घेतला. त्या रात्री आधी तो वसतिगृहाच्या वाय-फायला जोडलाच जाईना. मोबाईलचे हॉटस्पॉट दिले तेव्हा ॲप उघडले, पण चित्र इतके धूसर की चेंडू कुठे आणि कबूतर कुठे ते कळेना. दुसऱ्या डावाच्या मध्यात डबा तापला आणि बंद पडला तो कायमचाच. दुकानदाराने परत घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात मूर्तिजापूरला घरी गेले आणि आजोबांना ही रडकथा सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "गाडी किती मोठी हाय ते पायलं तू, पन रूळ कोनता हाय ते पायलं काय?" इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांत जे डोक्यात शिरले नव्हते ते या एका वाक्याने शिरले.

मूर्तिजापूरचे स्टेशन आणि टीव्हीचा डबा

आमच्या गावाला शकुंतला रेल्वेचे रूळ येऊन मिळतात, हे वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नकोच. एका बाजूला यवतमाळ, दुसऱ्या बाजूला अचलपूर. हे रूळ नॅरोगेज, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचे. मुंबई-नागपूर मुख्य मार्ग मात्र ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा. त्यामुळे छोट्या गाडीतून आलेला कापूस मूर्तिजापूरला उतरवायचा आणि मोठ्या गाडीत भरायचा. मोठी गाडी कितीही रिकामी असो, छोट्या गाडीतून जेवढा माल आला तेवढाच पुढे जाणार!

स्ट्रीमिंगचा डबा किंवा स्टिक म्हणजे अगदी हेच मूर्तिजापूर स्टेशन. इंटरनेटवरून चित्र दाबून, गाठोडी बांधून येते. डब्यातली चिप ती गाठोडी सोडते आणि एचडीएमआय तारेतून टीव्हीला पूर्ण चित्र देते. गाठोडी बांधण्याच्या पद्धतींना कोडेक म्हणतात: एच.२६४, एच.२६५, व्हीपी९, एव्ही१ वगैरे. चिपला ती पद्धत हार्डवेअरमध्ये येत असेल तर काम सहज होते. येत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, डबा तापतो आणि चित्र अडखळते.

म्हणून डबा घेण्यापूर्वी स्वतःला पाच प्रश्न विचारा.

१. टीव्हीला कोणते भोक आहे?

टीव्हीच्या मागे एचडीएमआय पोर्ट आहे का ते आधी बघा. जुन्या टीव्हीला फक्त लाल-पांढरे-पिवळे असे एव्ही पोर्ट असतात. त्यांच्यासाठी कन्व्हर्टर मिळतो, पण चित्राचा दर्जा घसरतो. टीव्ही फुल एचडी असेल तर फोर-के स्टिकसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. टीव्ही फोर-के असेल तर पोर्ट एचडीसीपी २.२ चालवणारा हवा, नाहीतर फोर-के चित्र येतच नाही.

२. नेट किती आणि कसे?

फुल एचडीसाठी साधारण ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग लागतो. आता थोडे गणित करू. ५ मेगाबिट गुणिले ३६०० सेकंद म्हणजे १८,००० मेगाबिट. भागिले ८, म्हणजे २२५० मेगाबाईट. तासाला सव्वादोन जीबी! दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या मोबाईल पॅकवर एक सिनेमासुद्धा पुरा होणार नाही.

वसतिगृहात आणखी दोन भानगडी असतात. पहिली म्हणजे लॉगिन पान. आपल्याकडे वाय-फाय जोडले की नाव आणि पासवर्ड विचारणारे पान उघडते. ब्राउझर नसलेल्या डब्याला हे पान उघडताच येत नाही. माझा डबा पहिल्यांदा अडकला तो इथेच. उपाय सोपा आहे: डब्याचा मॅक ॲड्रेस नेटवर्क बघणाऱ्या सरांना द्या आणि तो नोंदवून घ्या. दुसरी भानगड म्हणजे बऱ्याच मोठ्या नेटवर्कवर सुरक्षेसाठी एका यंत्राला दुसरे यंत्र दिसू देत नाहीत. अशा ठिकाणी मोबाईलवरून टीव्हीवर 'कास्ट' होत नाही. म्हणजे केवळ कास्टिंगवर चालणारे यंत्र वसतिगृहासाठी बिनकामाचे. रिमोट असलेलेच घ्या.

जाता जाता, २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून बरी जाते, पण तिथे गर्दी फार असते, कारण एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, वेग जास्त, पण भिंतीपुढे ती लवकर थकते. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ उत्तम.

३. वीज कुठून घेणार?

पुष्कळ जण स्टिकची तार टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये खुपसतात. साधा यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ०.५ अँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. बऱ्याच स्टिकसोबत येणारा अडॅप्टर मात्र ५ वॅटचा असतो. मग स्टिक मध्येच बंद-चालू होते आणि आपण कंपनीला शिव्या घालतो! सोबतचा अडॅप्टर वापरा. आणि वऱ्हाडातला उन्हाळा आणि गेलेली लाईट ठाऊक आहेच. टीव्ही इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या लाईनवर असेल तर लाईट गेल्यावर टीव्ही चालू राहील पण त्यावर काहीच दिसणार नाही.

४. परवाना आहे का?

माझ्या धूसर चित्राचे खरे कारण हे होते. सिनेमे आणि सामने कुलूप लावून पाठवले जातात. गुगलची वाइडवाइन ही त्यातली एक कुलूप-पद्धत. तिच्या एल१ पातळीत कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडते, एल३ मध्ये ते नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. मोठ्या सेवा एल३ यंत्रांना सहसा हलक्या दर्जाचेच चित्र देतात. डब्यावर फोर-के लिहा नाहीतर एट-के, एल१ नसेल तर नॅरोगेजच! दुकानात "यूट्यूब लावून दाखवा" म्हणू नका, ते सगळीकडे चालते. जी सशुल्क सेवा तुम्ही बघणार तीच लावून दाखवायला सांगा.

५. खात्रीचा आहे का?

स्वस्त अनोळखी डब्यांत बहुधा मोबाईलचे साधे अँड्रॉइड कोंबलेले असते, टीव्हीसाठीचे प्रमाणित नसते. याहून गंभीर गोष्ट अशी की काही डब्यांत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून येते. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात असे टीव्ही बॉक्स होते. तुमचे नेट वापरून दुसराच कोणी उद्योग करतो आणि नाव लागते आपल्या वसतिगृहाचे! आपल्याकडे सेट टॉप बॉक्स आणि अडॅप्टर यांना बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते. यंत्रावर 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासता येतो. दोन मिनिटांचे काम, पण मी केले नाही.

मग घ्यावे काय?

ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ पासून मिळते. दुसरा पर्याय प्रमाणित गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही असलेल्या बॉक्सचा, तो अनेक कंपन्यांचा मिळतो. २०१३ मध्ये आलेल्या गुगल क्रोमकास्टचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले, तेव्हा सेकंडहँड कोणी स्वस्तात देत असेल तर सॉफ्टवेअरचे अपडेट किती दिवस मिळतील याचा विचार करा. ब्रॉडबँड कंपनीचा बॉक्स कनेक्शनसोबत येतो, पण कनेक्शन सोडले की त्याचा उपयोग संपतो किंवा तो परत द्यावा लागतो.

आणि खरा खर्च यंत्राचा नाहीच, सेवांच्या वार्षिक वर्गणीचा आहे. तो हिशोब आधी मांडा. कॉमन रूमच्या स्टिकवर कोणाचेही वैयक्तिक खाते आणि बँकेचे कार्ड ठेवू नका.

नेट धड नसेल तर स्टिक घेऊच नका. आमच्या घरी हेच ठरले. छतावर डीडी फ्री डिशची छत्री आहे, महिन्याचे भाडे शून्य. आजोबांच्या बातम्या आणि आजीचे सिनेमे त्यावर मजेत चालतात. आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांना एक एचडीएमआय तारही पुरते. त्या रात्री एवढी साधी गोष्ट आम्हा ३६ जणींपैकी एकीलाही सुचली नाही!

परत आल्यावर मी १८०० रुपये स्वतः भरायची तयारी दाखवली. मुलींनी घेतले नाहीत. "पुढच्या वेळी तपासून आण, म्हणजे झालं," म्हणाल्या. मग रेक्टर मॅडमच्या परवानगीने मॅक ॲड्रेस नोंदवून घेतला, एका मैत्रिणीच्या घरची स्टिक आणून दोन दिवस लावून बघितली आणि नंतरच नवी घेतली. पावती आणि हिशोब सूचना फलकावर लावला आहे. त्याच्या शेजारी तो मेलेला डबाही टांगला आहे. येता-जाता मुली हसतात, हसू देत. पण पुढच्या विश्वचषकाचा शेवटचा झेल आम्ही सगळ्या जणी मोठ्या पडद्यावर बघणार, एवढे नक्की!

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष (अणुविद्युत व दूरसंचार)