पैसा, तृष्णा आणि समाधान



गौतम बुद्धांनी राजवैभव सोडले. म्हणून पुष्कळांना वाटते, की त्यांच्या शिकवणीत पैशाला जागाच नसेल. मग बायकामुलांच्या माणसाने करायचे काय? कोलियांच्या मुलखातला दीघजाणू नावाचा गृहस्थ हेच विचारायला बुद्धांकडे गेला होता. आम्ही सोनेनाणे बाळगणारी संसारी माणसे, आमच्या हिताचे सांगा, असे त्याचे म्हणणे.

बुद्धांनी त्याला घर सोडायला सांगितले नाही. चार गोष्टी सांगितल्या. अंग मोडून, अक्कल लावून काम करावे. घामाने मिळवले ते जपावे. संगत चांगली धरावी. आणि मिळकत पाहून खर्च करावा. दाखला दिला तराजूचा. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, तसे घरधन्याला जमाखर्चाचे कळले पाहिजे.

कोणी म्हणेल, हा तर कंजूषपणा झाला! तसे नव्हे. भरपूर असून पोटाला चिमटा घेणाऱ्यालाही बुद्धांनी दोषच दिला.

दुसरा दाखला तळ्याचा. पाणी येण्याच्या वाटा बुजवल्या, जाण्याच्या उघड्या टाकल्या आणि पाऊसही पडला नाही, तर तळे आटणारच. बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत या त्या जाण्याच्या वाटा.

तेव्हा दोष पैशाचा नाही, तृष्णेचा आहे. तहान पाण्याने भागते. तृष्णा मिळेल तितकी वाढते. बियाण्यासाठी कर्ज काढावे लागते, ते वेगळे. पण शेजाऱ्याचा मांडव मोठा, म्हणून आपण कर्ज काढून त्याहून मोठा घालतो. मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो, व्याज मात्र वर्षानुवर्षे घरात मुक्कामाला राहते.

श्रावस्तीचा मोठा व्यापारी अनाथपिंडिक. त्याला बुद्धांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : न्यायाने मिळवलेले जवळ असणे, त्याचा उपभोग घेणे व दानधर्म करणे, कोणाचे देणे नसणे, आणि निर्दोष वागणे. पहिली तीन सुखे चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्यालाही पुरत नाहीत, असे ते म्हणाले. आपल्या जुन्या हिशेबाने, रुपयापुढे आणासुद्धा नाही!

गुरुजी, हा तराजू मुलांना फळ्यावर काढून दाखवा. आणि मंडळी, पुढच्या वेळी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा. विचारा, यातले गरजेचे किती आणि लोकांना दाखवायचे किती?