उमेदवारी जगाच्या कारभाराची

भवानी पेठेसारख्या बाजारपेठेतील व्यापारी घरांत एक जुना शिरस्ता असे. शाळेतून आलेला मुलगा तासभर दुकानात बसे. आधी सुटे पैसे मोजणे, मग बिल लिहिणे, पुढे रोजमेळ आणि खतावणी; तिजोरीची किल्ली हाती येई ती बऱ्याच वर्षांनी. जबाबदारी अंगावर पडण्यापूर्वी तिचा सराव व्हावा, हा त्यामागील व्यवहार होता.

मात्र त्याच घरात सायंकाळच्या जेवणानंतर युद्ध, तेल किंवा डॉलर यांचा विषय निघाला आणि पंधरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने मध्ये तोंड घातले, की ‘तुला काय कळते त्यातले?’ असे उत्तर मिळते. वस्तुतः हे विषय पेठेपासून दूर नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतातील बऱ्याच मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले. टेरी टॉवेल परदेशी पाठविणाऱ्या सोलापूरला अशा निर्णयाची चिंता वाटणे स्वाभाविकच होते. असे निर्णय घेतात बहुधा साठी-सत्तरीची माणसे. त्यांचे परिणाम सर्वांत दीर्घकाळ भोगावे लागतात ते आजच्या किशोरांना.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १२ व्या कलमाने मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला. वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावे, असेही सांगितले. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. याच कराराखालील समितीपुढे सप्टेंबर २०१९ मध्ये १६ मुलांनी हवामानबदलाबाबत पाच देशांविरुद्ध तक्रार दाखल केली. त्यांत हरिद्वारची अकरा वर्षांची रिद्धिमा पांडे होती. आधी त्या त्या देशातील न्यायालयांत दाद मागावयास हवी होती, या कारणास्तव समितीने २०२१ मध्ये तक्रार विचारार्थ घेतली नाही. तथापि एका देशातील धुरामुळे दुसऱ्या देशातील मुलांची हानी झाल्यास पहिल्या देशावर जबाबदारी येऊ शकते, हे तत्त्व तिने मान्य केले. दावा टिकला नाही, पण मुद्दा नोंदला गेला.

अधिक जवळचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम तुलनेने कमी चर्चिला गेला. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराक-इराण अशा तणावग्रस्त देशांतील विद्यार्थ्यांची त्यात जोडी लावली जाते. सहा आठवडे ते परस्परांशी बोलतात, एकत्र सादरीकरण करतात, आपल्यातील साम्ये शोधतात. पुरस्काराच्या वेळेपर्यंत आठ देशांतील १९ हजार विद्यार्थी यात सहभागी झाले होते. त्यांपैकी कोणीही तह केला नाही. परंतु समोरच्या देशातही आपल्याच वयाचे, परीक्षेची धास्ती घेणारे कोणी आहे, हे कळलेला मुलगा उद्या मतदार किंवा अधिकारी म्हणून वेगळा निर्णय घेण्याची शक्यता असते.

रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दहा वर्षांवरील मुलांना ठरावीक मर्यादेत स्वतःच्या सहीने बचत खाते चालविण्याची मुभा दिली. बँक जेथे सहीवर विश्वास ठेवते, तेथे घराने मतावर तेवढा विश्वास ठेवण्यास हरकत नसावी. मर्यादा असावी, पण खाते उघडावे. अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळतो. त्याची उमेदवारी मात्र कोणी करून घेत नाही.

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. रविवारी अर्धा तास नकाशा पुढे घेऊन परदेशातील एक बातमी निवडावी. आपले मत सांगण्यापूर्वी मुलाने विरुद्ध पक्षाची बाजू मांडावी, आणि ती त्या पक्षालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडावी. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या घरांना हा अभ्यास परका वाटू नये. वडीलधाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे: त्या दिवशी सर्वांत शेवटी बोलावे.