कोट घ्यावा तर असा!

थंडीचा कोट घेण्याच्या बाबतीत आपल्या मुंबई-पुण्याच्या माणसांइतकी अनाडी माणसे क्वचितच सापडतील! महाबळेश्वरला स्वेटर पुरला, एवढ्या अनुभवाच्या शिदोरीवर आपण दिवाळीच्या सुट्टीत लडाखला निघतो. लेह सुमारे साडेअकरा हजार फुटांवर. या दिवसांत रात्री तिथे पारा शून्याखाली जातो. आणि आपण दुकानात जाऊन कोट हातात तोलून पाहतो. जितका जड तितका उबदार! आरशात रुबाबदार दिसला की खरेदी संपली.

खरे म्हणजे कोट ऊब देतच नाही. ऊब आपल्या अंगातली. तिला पळू न देणे एवढेच कोटाचे काम, आणि ते करते कोंडलेली हवा. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हीच हवा असते. म्हणून अंगाला आवळून बसणारा कोट घेऊ नये. आत जो स्वेटर घालणार, तो घालूनच दुकानात जावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुकानदार हसेल. खुशाल हसू द्यावे. हात वर करावेत, खाली वाकावे. कंबर उघडी पडली तर कोट परत. मग कापडाला तोंड लावून जोराने फुंकर मारावी. ती पलीकडे सहज लागली, तर लडाखचा वाराही आत शिरणार.

१९२२ साली एव्हरेस्टच्या मोहिमेवर जॉर्ज फिंच नावाचा गिर्यारोहक एक विचित्र कोट घेऊन गेला होता. बलूनच्या कापडात आयडर बदकाची मऊ पिसे भरून त्याने तो शिवून घेतलेला. बाकीच्यांच्या अंगावर ट्वीड आणि लोकर. सोबत्यांनी त्याची थट्टा केली. पण वर गेल्यावर त्याच कोटाचा त्यांना हेवा वाटू लागला! फिंच त्या वर्षी २७,००० फुटांच्याही वर पोचला.

पिसांचा कोट वजनाला हलका आणि घडी करायला सोपा, पण भिजला की पिसे एकमेकांना चिकटतात आणि ऊब संपते. कोरड्या लडाखला तो उत्तम. केदारनाथसारख्या ठिकाणी, जिथे पाऊस आणि बर्फ केव्हाही गाठतो, तिथे कृत्रिम धाग्याचे अस्तर भरलेला कोट बरा. त्यावर रेनकोट हवाच. लोकर मात्र ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. धनगर भर पावसात घोंगडी घेतो ते काही उगीच नव्हे. आत सुती बनियन घालण्याची आपली सवय तेवढी सोडावी. ते घाम शोषते आणि अंगावर गारठते.

चढताना कोट काढावा, थांबताच घालावा. मुले आणि म्हातारी माणसे यांच्यावर नजर ठेवावी. कुडकुडणे थांबले म्हणजे ‘आता बरे वाटले’ असे समजू नये. बोलणे अडखळू लागले, पाय लटपटू लागले, तर ती धोक्याची खूण. लगेच आडोशाला न्यावे, ओले कपडे उतरवून कोरडे चढवावेत, पांघरुणात गुंडाळावे आणि डॉक्टर गाठावा.

आणि एवढा पारखून घेतलेला कोट कृपा करून बॅगेच्या तळाशी, चकलीच्या डब्याखाली ठेवू नये!