सम सत्र, काजूचा हंगाम आणि घरची माणसं

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात कॉलेजकडून आमच्या घरी एक पत्र आलं. इंग्रजीत होतं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "वाच गो, कितें म्हणता तें?" पत्रात लिहिलं होतं की एका विषयात माझी हजेरी कमी पडली आहे आणि पालकांनी येऊन भेटावं. मी वाचून दाखवलं, "फीविषयी आहे, भरलेली आहे." बाबांनी पत्र देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं नि बागायतीत गेले. मार्च महिना होता, बोंडू पडायला लागले होते.

एप्रिलमध्ये हमीपत्रावर सही करायला बाबांना यावंच लागलं. भर हंगामातला एक दिवस मोडून ते पेडण्याहून बसने म्हापशाला आले. स्टाफरूमच्या बाहेर सरांनी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बाबा माझ्यावर ओरडणार. ते ओरडले नाहीत. सरांना एवढंच म्हणाले, "सर, म्हाका मराठी वाचपाक येता. कागद मराठींत आसतो जाल्यार हांव पयलींच येतलों आशिल्लों."

खोटं मी बोलले होते, त्यात कॉलेजचा दोष नव्हता. पण ते खोटं इतक्या सहज खपलं कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे, पुन्हा सम सत्र चालू आहे आणि आपल्या मंडळात पहिल्या वर्षाची बरीच मुलं पेडणे-डिचोलीची आहेत. म्हणून हा लेख. घरच्यांना कॉलेजचं काय सांगावं, कधी सांगावं, कसं सांगावं आणि काय सांगू नये, हे मला समजलं तसं मांडते.

घराला कॉलेज का कळत नाही?

आपल्या आईबाबांना शाळा ठाऊक आहे. शाळेत प्रगतिपुस्तक असतं, त्यावर सही लागते, पालक सभा होते, वर्षाच्या शेवटी एक निकाल लागतो. कॉलेजात यातलं बहुतेक नाहीसं होतं, आणि ते नाहीसं झालं हे घरी कोणी सांगत नाही.

आपल्या भागात कॉलेजचं शिक्षण तसं नवीनच. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात, आणि पणजीचं धेंपे व मडगावचं चौगुले ही कॉलेजं सुरू झाली १९६२ मध्ये. तेव्हा ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. गोवा विद्यापीठाचा कायदा झाला १९८४ मध्ये. पेडणे तालुक्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचं सरकारी कॉलेज आहे, डिचोली तालुक्यात साखळीला आहे. पण आमच्या आजोबांच्या पिढीला ही सोय नव्हती. त्यामुळे आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरात आपणच पहिले पदवीधर होणार. घरच्यांनी विचारायचं तरी काय? म्हणून ते एकच प्रश्न विचारतात, "अभ्यास चल्ला मगो?" आणि आपण एकच उत्तर देतो, "चल्ला."

सम सत्रात नेमकं काय असतं?

आपलं वर्ष दोन सत्रांचं. दुसरं, चौथं, सहावं सत्र म्हणजे सम सत्र. ते थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यात संपतं. घरच्यांना तीन गोष्टी समजल्या तरी पुष्कळ झालं.

पहिली, हजेरी. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते. ती प्रत्येक विषयात मोजली जाते. "रोज बसने जाते ना" यावर घरचे समाधान मानतात, पण सकाळची बस चुकली की पहिलाच तास जातो आणि त्या एकाच विषयात हजेरी घसरते. माझं तसंच झालं होतं.

दुसरी, सत्रातल्या चाचण्या, म्हणजे आपल्या भाषेत आयएसए. याचे गुण शेवटच्या निकालात मिळतात. घरच्यांना 'परीक्षा' म्हटली की एप्रिल-मेची तेवढी आठवते. फेब्रुवारीतल्या चाचणीच्या दिवशी "आज लग्नाला जाऊया, परीक्षा कुठं आहे?" असं ते म्हणतात, ते याच समजुतीतून.

तिसरी, श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आपल्याकडे २०२३-२४ पासून लागू झाला. मी हे आईला दूध सोसायटीच्या वहीवरून समजावलं. रोजचं दूध वहीत जमा होतं, तसे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक खात्यात जमा होतात. सत्राला २०, वर्षाला ४०. तीन वर्षांचे १२० झाले की पदवी, चार वर्षांचे १६० झाले की ऑनर्स. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेण्याची सोय आहे, पण त्यासाठी वेगळा व्यवसाय-अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. हे घरी नीट सांगायला हवं. "एका वर्षात सर्टिफिकेट मिळतं, मग पुढं कशाला?" असं एखाद्या काकांनी म्हटलं, तर ते प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे हे आईला आधीच ठाऊक असलेलं बरं.

आपलं सत्र आणि आपलं पंचांग

सम सत्राची खरी अडचण म्हणजे ते आपल्या सगळ्या कामांवर आणि सणांवर येऊन बसतं. पौषात धालो. फाल्गुनात शिगमो, रोमटामेळाच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, डिचोलीकडे घोडेमोडणी असते. मार्च ते मे काजू. पडलेले बोंडू रोज गोळा करावेच लागतात, भाटी पेटली की घरातला प्रत्येक हात लागतो. वैशाखात शिरगावची जत्रा, धोंड घरात असले की त्यांचं सोवळं-व्रत. ख्रिस्ती घरांत कार्निव्हलनंतर चाळीस दिवसांचा उपासकाळ, मग ईस्टर, मग म्हापशाचं मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त. हे सगळं टाळा असं कोणीच म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण दोन्ही तारखा एका कागदावर समोरासमोर आल्या, तर घर आपोआप वाट काढतं.

आम्ही घरी कॅलेंडरवरच लिहितो. जानेवारीत: वेळापत्रक, फी, शिष्यवृत्तीची कागदपत्रं. उत्पन्नाचा दाखला मामलेदार कार्यालयातून आणावा लागतो, त्यासाठी बाबांची एक सकाळ जाते. ती आधी सांगितलेली बरी, शेवटच्या दिवशी नव्हे. फेब्रुवारीत: चाचण्यांचे दिवस. मार्चमध्ये: आतापर्यंतची हजेरी, विषयवार. एप्रिलमध्ये: परीक्षेचं वेळापत्रक आणि हॉल तिकीट. सुट्टीत इंटर्नशिप असेल तर जागा, वेळ आणि घरी परतण्याची शेवटची बस. मांद्रे-हरमलच्या हॉटेलात किंवा मोपाच्या विमानतळावर काम असेल तर घरचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो, "रातीं येतली कशी?" हाच असतो. त्याचं उत्तर तयार ठेवावं.

कसं सांगावं?

गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या आम्ही काही जणींनी सरांच्या परवानगीने पालकांसाठी एक पानाचं मराठी पत्रक केलं. पहिला मसुदा आम्ही भाषांतर केल्यासारखा लिहिला: "आपल्या पाल्याच्या उपस्थितीची टक्केवारी निर्धारित मर्यादेपेक्षा न्यून असल्याचे निदर्शनास आले आहे." बाबांना वाचायला दिला. ते म्हणाले, "हें मराठी आसा, पूण म्हाका न्हय."

मग आम्ही असं लिहिलं: "नमस्कार. तुमच्या मुलीची इतिहास विषयात हजेरी कमी आहे. पुढचे सगळे तास ती बसली तर परीक्षेला बसता येईल. सकाळची पहिली बस तिला मिळेल असं पाहा. काही अडचण असेल तर संध्याकाळी आम्हाला फोन करा." काय झालं, आता काय करायचं, कोणाला विचारायचं, या तीन गोष्टी. दिवस लिहिताना तारखेबरोबर वार आणि जवळचा सण लिहिला, "गुढीपाडव्यानंतरचा सोमवार" असा. लघुरूपं काढून टाकली.

ज्यांना वाचणं जमत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवला, एका मिनिटाच्या आत, घरी बोलतो तशा भाषेत. डोंगराआडच्या वाड्यांवर दिवसा रेंज नसते, तिथं रात्री जेवणवेळेला फोन केला. काम एवढंच होतं. मराठी साहित्य मंडळाला करता येण्यासारखं याहून उपयोगी काम मला तरी सुचत नाही.

काय सांगू नये, आणि कोणाला?

इथं एक गोष्ट मला माझ्या डिचोलीकडच्या मैत्रिणीने शिकवली. तिचे बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. घराची सूत्रं काकांकडे गेली आणि कॉलेजच्या फॉर्मवर नंबरही काकांचाच लागला. आमचं पत्रक पाहून ती घाबरली. म्हणाली, "काकाला चाचणीचे गुण कळले तर तो म्हणेल, बस झालं शिक्षण. स्थळ बघा." आम्ही चांगलं काम करतोय या आनंदात मला हे सुचलंच नव्हतं. माहिती सगळ्याच घरांत मदत होऊन पोचते असं नाही.

आपण बहुतेक सगळे अठराच्या वरचे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याप्रमाणे विद्यार्थी अठराचा झाला, किंवा कॉलेजात गेला, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. आपल्या २०२३ च्या डिजिटल माहितीच्या कायद्यातही अठराखालच्यांसाठीच पालकांची संमती सांगितली आहे. दुसऱ्या बाजूला रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याबरोबर पालकांकडूनही घेतलं जातं, आणि २०१५ च्या विद्यार्थी सुरक्षेच्या सूचनांत विद्यापीठ अनुदान आयोगाने पालक-शिक्षक बैठका घ्यायला सांगितल्या आहेत. म्हणजे घराला बाहेर ठेवायचं नाही, पण मुलाला डावलूनही जायचं नाही.

आम्ही मग एक नियम केला. घरातलं कोणतं माणूस, हे विद्यार्थ्याने सांगायचं. आई, आजी, मोठी बहीण, कोणीही चालेल. तारखा, हजेरी, फी, शिष्यवृत्ती, तब्येत एवढंच कळवायचं. गुण विद्यार्थ्याने स्वतः सांगायचे. मैत्री, कपडे, फोन यांचा विषय काढायचा नाही. मैत्रिणीने आईचा नंबर दिला. तिची आई काम आटोपून आठनंतर घरी येते, म्हणून बाईंनी आठनंतर फोन केला. आई म्हणाली, "ती शिकतली. किदें जाय तें म्हाका सांगात." काकांशी बोलायचं कसं, ते आईने आपलं आपण पाहिलं.

सहीपुरतं घर नको

आणखी एक. घरच्यांना आपण बोलावतो ते सहीसाठी किंवा तक्रारीसाठी. मागच्या सत्रात माझा प्रकल्प धालोच्या गीतांवर होता. आईला विचारायला बसले तर तिने मांडावरचा क्रम, कोणतं गीत कधी, कोण सुरुवात करतं, सगळं सांगितलं. मी चार संध्याकाळी लिहीत होते. ती पहिल्यांदाच माझी वही हातात घेऊन म्हणाली, "हें तुमी कॉलेजांत शिकतात?" त्या दिवसापासून प्रकल्प कधी द्यायचा, हे मला तीच आठवून द्यायला लागली. बाबांकडून भाटीचे शब्द घेतले: निरो, हुराक, फेणी, कोळंबी. कोशात शोधत बसले असते तर दिवस गेला असता.

शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. एक देवळात, एक इगर्जीत. तरी लोक दोघींकडे जातात नि नातं ठेवतात. घर आणि कॉलेज यांचं नातं ठेवायला तर तेवढंही लागत नाही. या आठवड्यात एवढंच करा: घरातल्या एका माणसाला आपली विषयवार हजेरी आणि पुढच्या चाचणीचा दिवस सांगा. कॅलेंडरवर लिहून ठेवा, काजूच्या हिशेबाशेजारी.

ते जुनं पत्र अजून देवाच्या फोटोमागेच आहे. मागच्या महिन्यात मी ते काढून बाबांना खरं काय लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हाका खबर आशिल्लें." मग त्यांनी विचारलं, "फुडली चाचणी केन्ना?"